कानाने शिकायचे विषय

सुरतच्या लिंबायतमध्ये साडीवर खडे लावणाऱ्या बायका गल्लोगल्ली आहेत, पण चंपाबाईसारखा हात कोणाचा नाही, असं स्वतः चंपाबाई सांगायची. चीड आणणारी गोष्ट अशी की ते खरं होतं. लग्नाची जड साडी, जिच्या पदरावर मोर सगळा पिसारा घेऊन बसलेला असतो, ती बाजारातून निघाली की सरळ चंपाबाईच्या दारात यायची. काडीच्या टोकाला मेणाची गोळी लावायची, त्या मेणाने खडा उचलायचा, गोंदाच्या थेंबावर ठेवायचा आणि बोटाने दाबायचा. वाचायला सोपं आहे. करून बघा.

नवरा कापडाच्या लूमवर होता, लूमवरच म्हातारा झाला आणि खोकून खोकून गेला. मूलबाळ झालं नाही. गावाकडचं, पारोळ्याचं कोणी तिला विचारत नव्हतं आणि तिलाही कोणाला विचारायचं नव्हतं. स्वतःच्या हातावर जगणाऱ्या बाईच्या जिभेला आवर घालायला कोणी धजत नाही. शेजारच्या वैशालीच्या नवऱ्याने दारू सोडली तेव्हा सगळ्या गल्लीला बरं वाटलं. चंपाबाईने तेवढं दारातून विचारलं, "म्हणजे आता शुद्धीवर राहून मारतो का?"

मग डोळे अधू झाले. एकदम नाही. आधी दिव्याभोवती कडं दिसायला लागलं, मग सुईत दोरा जाईना, आणि एका दिवाळीच्या तोंडावर तिला खड्यांच्या रामा आणि मोरपंखी या जवळजवळच्या हिरव्या-निळ्या रंगांतला फरक कळेनासा झाला. मोतीबिंदू आहे हे सांगायला डॉक्टर नको होता. शिबिरात ऑपरेशन फुकट होतं, हेही तिला ठाऊक होतं. पण गल्लीत एक समज घट्ट होता: ज्या बाईच्या डोळ्याला एकदा चाकू लागला, तिच्या हातात पुन्हा बारीक काम द्यायचं नाही. शोभाबाईचं तसंच झालं. ऑपरेशन उत्तम झालं, काळा चष्मा लावून ती थोडे दिवस ओट्यावर बसली आणि तेवढ्यात तिचा माल दुसरीकडे गेला, तो गेलाच. आता ती साड्यांचे लोंबणारे धागे कापते. तिचा माल कोणाकडे गेला? चंपाबाईकडे. तेव्हा हा नियम तिच्याइतका पक्का कोणाला ठाऊक असणार?

तिने दुखणं लपवलं. खडा गोल आहे की पानासारखा, सरळ बसला की तिरका, हे तिचं बोट सांगायचं. बोटाला रंग मात्र कळत नाही. रंगासाठी दुसऱ्याचे डोळे हवेत, आणि ते घरातच होते. सोनालीचे.

सोनाली म्हणजे तिच्या धाकट्या भावाची, निंबाची मुलगी. आई लहानपणीच वारली. निंबा सुरतेबाहेर पलसाण्याला रंगाईच्या कारखान्यात कामाला, कारखान्याच्याच खोलीत इतर कामगारांबरोबर राहायचा आणि रविवारी लिंबायतला यायचा. पोरगी त्याने बहिणीच्या पदरात टाकली होती. बापाची बहीण ती फुई, आणि खानदेशात फुईचा भाचीवर मोठा हक्क. बारशाला नाव ठेवायचा मान तिचा, लग्नात पुढे बसायचा मान तिचा. मधल्या वर्षांचं काय करायचं ते कोणी ठरवून ठेवलेलं नाही. ते चंपाबाईने ठरवलं.

शाळेतून आली की पोरगी खड्यांना बसायची. पण आठवी होईपर्यंत चंपाबाईची नजर इतकी उतरली की संध्याकाळचा वेळ पुरेना. खड्यांचा खरा रंग दुपारच्या उजेडात कळतो, आणि दुपारी पोरगी शाळेत. शाळेतून काढायला तिच्या मनाची काहीच हरकत नव्हती. बायका तोंडावर बोलतील, एवढीच अडचण होती.

ती अडचण हेतलबेनने दूर केली. हेतलबेन म्हणजे जिचा माल चंपाबाई करायची ती शेठाणी, राहायला वेसूला, पैसेवाल्यांच्या वस्तीत. तयार साड्या घेऊन चंपाबाई गेली तर शेठाणीचा जैनम भरदुपारी घरात, कानाला हेडफोन लावून लॅपटॉपसमोर बसलेला. आजारी आहे का, म्हणून विचारलं. हेतलबेन हसली. "ना रे मासी, ए तो होम स्कूलिंग करे छे." शाळेत वेळ फुकट जातो, मुलाला स्केटिंग करायचंय, म्हणून घरीच ऑनलाइन शिकतो, आपल्याला हवे ते विषय घेतो आणि परीक्षेपुरता जातो. चंपाबाई गेली होती साड्या घेऊन, आली ती हा शब्द घेऊन.

दुसऱ्या दिवसापासून सोनालीचं होम स्कूलिंग सुरू झालं. शाळा सुटली म्हणायचं नाही, होम स्कूलिंग म्हणायचं. वेसूत करतात तसं. ओट्यावरच्या बायकांनी माना डोलावल्या. काही तर हळहळल्या, की आपल्याला सुचलं नाही.

शाळेतल्या मालतीबाई तेवढ्या घरी आल्या. त्या गणित शिकवायच्या. पोरगी हुशार आहे, नववी-दहावी होऊ द्या, असं त्या कळवळून सांगत राहिल्या. चंपाबाईने चहा केला. कप त्यांच्या हातात गेल्यावर विचारलं, "बाई, तुमची पोरं कुठल्या शाळेत?" मालतीबाईंची मुलं इंग्रजी शाळेत, बसने जाणारी. त्यांनी खाली बघून नाव सांगितलं. "तुमची पोरं तुम्ही आमच्या पोरांशेजारी बसवत नाही, आणि आमची एक उठली तर तुम्हाला कळ येते," चंपाबाई म्हणाली. चहा अर्धा राहिला. मालतीबाई पुन्हा आल्या नाहीत. त्यांना लाज वाटली, आणि भल्या माणसांना लाज वाटते ती नेमकी नको त्या वेळी.

आता सोनालीला काय हवं होतं ते सांगायला पाहिजे. निंबाने एकदा तिला कारखाना बघायला नेलं होतं. वाफ, वास, घामाने निथळणारी माणसं, हे सगळं ओलांडून एक काचेचं दार होतं आणि दाराआड लॅब. तिथे वृषाली नावाची मुलगी पांढरा कोट घालून नळ्यांतून रंग मोजायची, कापडाची चिंधी रंगवायची आणि व्यापाऱ्याच्या नमुन्याशेजारी धरून बघायची. रंग जुळला असं ती म्हणाली की खाली निंबासारखी माणसं मशीन सुरू करायची. सोनाली एक चिंधी बघून म्हणाली, ही जराशी पिवळी मारतेय. वृषालीने पुन्हा बघितलं, मान डोलावली आणि सांगितलं, दहावी गणित-विज्ञान घेऊन कर नि ये, शिकाऊ म्हणून घेतात इथे. तेव्हापासून पोरीच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. चंपाबाईला हे माहीत होतं. जो डोळा चिंधीतला पिवळेपणा ओळखतो, तोच तर तिला घरात हवा होता.

कोपऱ्यावर प्रशांतचं झेरॉक्सचं दुकान आहे. ओपन स्कूलचे, म्हणजे घरी शिकून दहावीला बसायचे फॉर्म तोच भरतो. पाच विषय घ्यायचे, कोणते ते तुम्ही ठरवा, असं त्याने सांगितलं. सोनालीने वाटेत घोकून ठेवलेलं एका दमात म्हटलं: मराठी, हिंदी, गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्र. प्रशांत टाइप करायला लागला.

"थांब," चंपाबाई म्हणाली. "आधी क्लास ऐकव."

मोबाइलवर प्रत्येक विषयाचे क्लास होते. त्याने गणिताचा लावला आणि तिच्यासमोर धरला. तिने मोबाइल घेतला आणि काउंटरवर पालथा ठेवला. प्रशांतला वाटलं चुकून. त्याने सुलटा केला. तिने पुन्हा पालथा घातला.

"मासी, असं दिसणार नाही."

"दिसायचं काय त्यात? ऐकू येतंय ना."

काउंटरच्या पत्र्यावर सरांचा आवाज घुमला: आता या त्रिकोणाकडे बघा, ही बाजू आणि ही बाजू सारखी आहे. कुठली ही आणि कुठली ही? "बाद," चंपाबाई म्हणाली. विज्ञानाच्या मॅडमचा आवाज खणखणीत होता, पण त्याही दुसऱ्याच वाक्याला आकृतीवर गेल्या. बाद. अर्थशास्त्राने बरा वेळ तग धरला, मग सर म्हणाले, ही रेषा बघा कशी खाली येते. बाद. चित्रकलेचं नाव काढल्यावर तिने प्रशांतकडे असं पाहिलं की त्याने ती लावलीच नाही. इतिहासाचे सर मात्र लढाईत असे रंगले होते की डोळे मिटून ऐकावं. पास. गृहविज्ञानाच्या बाई कडधान्याला मोड आणायचे फायदे सांगत होत्या. पास. भारतीय संस्कृती म्हणजे तर कीर्तनच. पास.

झेरॉक्सला आलेला एक जण थांबून बघत होता. म्हणाला, "मौसी रेडिओ खरीद रही है क्या?" सगळे हसले. चंपाबाईही हसली.

तिचा हिशेब सरळ होता. डोळे साडीवर, कान क्लासवर. ज्या विषयाला डोळे लागतात तो या घरात शिकायचा नाही. दुनियेत विषय निवडायच्या पुष्कळ तऱ्हा आहेत, कोणी आवड बघतं, कोणी नोकरी. डोळे मोकळे राहतात की नाही हे बघणारी ती एकटीच असेल.

"फुई, मला गणित पाहिजे," सोनाली म्हणाली. "लॅबला लागतं."

"तुले काय कराणं शे गणित? खडे मोजाले?"

मराठी, हिंदी आणि पास झालेले ते तीन, असा प्रशांतने फॉर्म भरला. पण माणूस अगदीच दगड नव्हता. कागद देताना सांगितलं, की महिनाअखेरपर्यंत विषय बदलता येतात, वडिलांनी येऊन सही केली की झालं. हे सोनालीने ऐकलं. चंपाबाईनेही ऐकलं.

रविवारी निंबा आला. निंबा गरीब स्वभावाचा, म्हणजे जो शेवटी बोलेल त्याचं ऐकणारा. सोनालीची चूक झाली ती एवढीच, की ती आधी बोलली. बापाच्या ताटाशी बसून तिने सगळं सांगितलं. तो म्हणाला, बदलू की, पुढच्या रविवारी येतो नि सही करतो. वृषालीबाई मलाही विचारत असतात तुझं. पोरगी इतकी हरखली की त्या दुपारी तिने मोराचं एक पीस सांगायच्या आत पुरं केलं.

चंपाबाईने जेवण होऊ दिलं. संध्याकाळी निंबा निघाला तशी तीही चप्पल घालून निघाली. आजवर तिने कोणाला उंबऱ्यापर्यंत पोचवलं नव्हतं. रिक्षाच्या थांब्यापर्यंत ती त्याचा हात धरून चालली. तिने सांगितलं, की पोरीचं विज्ञान हे विज्ञान नाही. झेरॉक्सच्या दुकानात एक पोरगा येतो. विज्ञानाला प्रॅक्टिकल असतं, प्रॅक्टिकलला सेंटरवर जावं लागतं, आणि तोही त्याच सेंटरवर. मी बोलणार नव्हते, पण बिनआईची पोर आहे.

निंबाचा चेहरा तिला नीट दिसला नाही. पण रिक्षाची दांडी धरलेला त्याचा हात खाली आला, तेवढं कळलं.

"माले काय, तुनी पोर शे," ती म्हणाली. "उद्या काही व्हयनं ते माले बोलू नको."

पोरगा कोणी नव्हता. त्या दुकानात प्रशांत आणि त्याचं मशीन सोडून कोणी फार वेळ उभं राहत नसे. जिला शाळेच्या वाटेचीही आता बंदी होती, त्या पोरीची अब्रू फुईने रिक्षाथांब्यावर उभ्या उभ्या विकली, आणि घरी येऊन विचारलं, भाजी काय करायची.

पुढच्या रविवारी निंबा आला नाही. फोन आला, भरलंय ते ठीक आहे म्हणाला. सोनालीने फोन मागितला तर म्हणाला, ड्यूटी आहे. त्यानंतरच्या रविवारी आला तेव्हा मुदत संपली होती, आणि तो पोरीकडे न बघता जेवला. सोनालीला वाटलं, कारखान्यात काही झालं असेल. तिने त्याला ताक वाढलं आणि विचारलं नाही.

मग कानाचं शिक्षण सुरू झालं. चटईवर साडी ताणलेली, एका बाजूला फुई, एका बाजूला भाची, मधे थाळीत खडे आणि थाळीशेजारी पालथा मोबाइल. चंपाबाईला हे शिक्षण मानवलं. ती ओट्यावर बायकांना प्रथिनं समजावून सांगायला लागली. कुठल्या राजाला कोणी दगा दिला हे तिला पोरीपेक्षा चांगलं आठवायचं. सोनाली कधी मोबाइल हळूच सुलटा करून गणिताचा क्लास लावायची, आवाज बंद ठेवून. चंपाबाईला मोबाइल दिसत नसे, पण शेजारची काडी थांबली की कळायचं. मग तिची स्वतःची काडी पोरीच्या बोटाच्या पेरावर बसायची. आरडाओरडा नाही, शिव्या नाहीत. पेर सुजलं की त्या हाताने खडा नीट बसत नाही, म्हणून ती डाव्या हातावर मारायची.

परीक्षा झाली. प्रत्येक पेपरला फुई सेंटरच्या दारात बसून होती. सोनाली पहिल्या वर्गात पास झाली आणि चंपाबाईने गल्लीत पेढे वाटले. दोन बायकांनी तर आपल्या मुलींसाठी विचारलं, कोणते विषय घ्यावेत. तिने सल्ला दिला.

निकाल हातात आल्यावर सोनाली बापाच्या मागे लागली, की मला एकदा वृषालीताईंकडे ने. निंबाला नाही म्हणता येईना. चंपाबाईने अडवलं नाही. अडवायची गरजच उरली नव्हती. उलट सकाळी पोरीला पुढ्यात घेऊन तिने तेल लावलं, घट्ट वेणी घातली आणि म्हणाली, जाऊन ये.

दुपार कलायच्या आत दोघं परत आले. निंबा उंबऱ्यावरच बसला आणि तांब्याभर पाणी प्याला. सांगितलं त्यानेच. वृषालीबाईंनी निकाल वाचला, पुन्हा वाचला, मग कागद उलटून मागे काही आहे का ते पाहिलं. गणित नाही, विज्ञान नाही, मी साहेबांना काय दाखवू, म्हणाल्या. त्यांना वाईट वाटलं. साहेबाला वाटलं नाही. तो शेजारीच होता. म्हणाला, गृहविज्ञान आहे ना, मग कँटीनला बघा, तिथे मोडाची उसळ करते म्हणावं. कामगार हसले. निंबाचेच सोबती.

"मी आधीच सांगितलं होतं, तिकडे मोठ्या लोकांची कामं," चंपाबाई म्हणाली. तिला आतून हलकं वाटलं. पोरगी आता कुठे जात नव्हती.

निंबाने तांब्या खाली ठेवला. सकाळचा अपमान त्याला कुठेतरी टाकायचा होता, आणि समोर मुलगीच होती. म्हणाला, "तू त्या पोराच्या नादी लागली नसतीस, तर मी तेव्हाच विषय बदलले असते."

सोनाली वळली. "कोणत्या पोराच्या?"

निंबाने बहिणीकडे बघितलं. बहीण गोंदाच्या डबीचं झाकण फिरवत होती. मग निंबा उठला, पायात चप्पल सरकवली, रात्रपाळी आहे असं काहीतरी पुटपुटला आणि गल्लीतून निघून गेला. पोरगा नव्हताच, हे त्याला कळलं होतं. कळल्यावर थांबावं लागतं, म्हणून तो गेला.

चटईवर हेतलबेनची साडी पसरलेली होती. तिच्या स्वतःच्या पुतणीच्या लग्नातली, दुसऱ्या दिवशी द्यायची. मोराची मान तेवढी राहिली होती, सकाळपासून चंपाबाई त्या मानेपाशी अडून बसली होती. मानेत रामा आणि मोरपंखी एकाआड एक येतात, आणि तिला थाळीतले दोन्ही ढीग एकाच मळक्या पाण्यासारखे दिसत होते.

"बस," ती म्हणाली. "उजेड जाईल. रामा दे."

"फुई, कोणता पोरगा?"

खोटं बोलणं चंपाबाईला जड नव्हतं. पण खोटं बोलायचं ते ज्याची भीती वाटते त्याच्याशी. या पोरीची तिला कधी भीती वाटली नव्हती.

"कोणताच नाही," ती म्हणाली. "तुझ्या बापाने नावसुद्धा विचारलं नाही. विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं, आणि तुला तुझं गणित मिळालं असतं. माझ्यावर कशाला डोळे काढतेस? त्याला विचार."

पोरगी रडेल असं तिला वाटलं होतं. रडून झालं की कामाला लागेल, मग रात्री खिचडी टाकू. सोनाली रडली नाही. तिने हात धुतले, पुसले, आपल्या जागेवर येऊन बसली. काडीचं मेण बोटाने गोल केलं. थाळीत काडी टेकली आणि एक खडा उचलून पुढे धरला.

"हा रामा," ती म्हणाली.

चंपाबाईने खडा घेतला. गोंदाचा थेंब घातला होता, बोट जागेवर गेलं, आणि थांबलं. पोरीचा आवाज रोजच्यासारखा होता. रागाने बोलली असती तर बरं झालं असतं. चंपाबाई उठली, खडा घेऊन खिडकीशी गेली, डोळ्याजवळ धरला, लांब धरला. नुसता ठिपका. उद्या हेतलबेन ही साडी सगळ्या पाहुण्यांसमोर उलगडणार होती.

"नक्की?" तिने विचारलं. हा प्रश्न तिने आजवर कधी विचारला नव्हता.

"नक्की, फुई."

वैशालीला हाक मारून विचारता आलं असतं. पण मग वैशालीने विचारलं असतं, तुम्हाला दिसत नाही का, आणि दिवे लागायच्या आत ते गल्लीभर झालं असतं. हाक मारायला दुसरं कोणी नव्हतं. चंपाबाई परत चटईवर येऊन बसली, गोंद वाळत आला होता म्हणून दुसरा थेंब घातला, खडा ठेवला आणि अंगठ्याने दाबला.

सोनालीने पुढचा खडा उचलला. "हा मोरपंखी," ती म्हणाली, आणि हात पुढे केला.